तीन पोळ्यांचा पिझ्झा

गेली अठरा वर्षं मी डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे साडेपाचला पहिली परात मळून होते आणि दुपारी एकपर्यंत चारेकशे पोळ्या पुडक्यांतून बाहेर पडलेल्या असतात. त्यामुळे कुणी पौष्टिक म्हणून पिठाचा पदार्थ समोर ठेवला की माझा हात आधी पिठाला लागतो, जीभ नंतर. पुढे जे लिहिलंय ते एका पोळीवालीनं लिहिलंय, एवढं लक्षात ठेवून वाचा.

दिवाळीनंतर आमच्या मागच्या गल्लीत पिझ्झाचं एक छोटं दुकान उघडलं. शुद्ध शाकाहारी. पाटीवर हिरव्या अक्षरांत ‘गव्हाचा पौष्टिक पिझ्झा’. आठवड्याभरात माझी दोन गिऱ्हाइकं गळाली. त्यातला एक मुलगा, रोज सहा पोळ्या आणि मोठी उसळ नेणारा, रस्त्यात भेटला तेव्हा मी विचारलंच. तर म्हणतो, “काकू, पोळी-भाजीच आहे हो ती. फक्त एकमेकांना चिकटवलेली.”

हे माझ्या डोक्यातून जाईना. तीनदा त्या दुकानात जाऊन बसले, एकदा घरी मागवला आणि दोनदा माझा वजनकाटा पिशवीत घालून नेला. भाची बरोबर होती, तिनं डोक्याला हात लावला. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक रोज सकाळी समोर दिसतो, माझ्या तक्रारी आहेत आणि त्या त्याला तोंडावर सांगून झाल्या आहेत.

पहिल्या दिवशी नऊ इंची घेतला. कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो, मका. दोनशे चाळीस रुपये. ओटा उघडा आहे, त्यामुळे पलीकडे पोरगं काय करतं ते सगळं दिसतं. त्यानं फ्रीजमधून डबा काढला, उंडा पिठावर पालथा केला, बोटांनी मधून दाबत दाबत कडेला नेला, मग दोन्ही हातांच्या पाठींवर घेऊन फिरवत ताणला. तो ताणला गेला, कुठेही न फाटता. मी तिथेच ओळखलं. निव्वळ कणीक अशी वागत नाही. कोंड्याचे कण तिचा ताण तोडतात. गहू लोकवन घ्या नाहीतर सिहोर, घरची कणीक रुमालासारखी पसरायला लागली तर समजा कुणीतरी मैदा घातलाय.

मालकाला विचारलं, “किती घालतोस?”

तो आधी हसला. “साठ-चाळीस, काकू. साठ कणीक, चाळीस मैदा. पूर्ण कणकेचा केला तर लोक म्हणतात भाकरी दिलीस.”

“मग पाटीवर गव्हाचा कशाला?”

“मैदा काय ज्वारीचा असतो का?”

आता यावर काय बोलणार! विचारल्यावर खरं सांगितलं, एवढे गुण त्याला दिले. शिवाय हा खेळ त्यानं शोधलेला नाही. दुकानात ‘व्हीट’ असं ठळक लिहिलेलं पिझ्झा बेसचं पाकीट मिळालं तर ते उलटून बघा. घटकांच्या यादीत पहिलं नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ निघालं, तर तो आपला मैदाच. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे, म्हणजे पहिलं नाव ज्याचं, माल मुख्यतः त्याचा. पुढची बाजू जाहिरातवाल्यांची असते, मागची आपली.

साठ-चाळीसनं बिघडतं किती, तेही बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली आपल्याकडच्या अन्नघटकांचे तक्ते छापले. त्यात १०० ग्रॅम कणकेत तंतू ११ ग्रॅमच्या वर आहेत, मैद्यात पावणेतीन. प्रथिनं दोन्हींत साडेदहाच्या आसपास. म्हणजे या मुलाच्या मिश्रणात तंतू आठेक ग्रॅम येतात. वाईट नाही. पण ‘कणकेचा आहे म्हणजे साखर वाढत नाही’ असं जे त्याच्या काउंटरवरचं पोरगं गिऱ्हाइकांना सांगत होतं, ते मी तिथेच अडवलं. आमच्या ह्यांची साखर काठावर आहे, त्यामुळे या विषयात माझं शिक्षण सक्तीनं झालंय. चक्कीवर बारीक दळलेल्या कणकेचा पावही रक्तात साखर म्हणून लवकरच उतरतो, मैद्याच्या पावाच्या फार मागे राहत नाही. कणकेचा फायदा पोट साफ राहण्याला आणि पोट भरल्यासारखं वाटण्याला. तेवढाच सांगावा.

पीठ मात्र त्यानं मनापासून केलेलं असतं. चिमूटभर यीस्ट आणि चोवीस तास फ्रीजमध्ये. भाजलेली कड मोडली तेव्हा आत लहान-मोठी जाळी होती आणि वास आंबोळीच्या पिठाच्या जवळ जाणारा, किंचित आंबूस. पीठ असं सावकाश आंबलं की धान्यातलं लोह-जस्त अडवून धरणारं फायटिक आम्ल मोडतं आणि लोह, जस्त शरीराला जास्त मिळतं. शाकाहारी माणसाचं लोह बहुतेक धान्य-कडधान्यांतूनच येतं, त्यामुळे त्याला हे महत्त्वाचं. माझी कणीक अर्धा तास ओल्या फडक्याखाली मुरते आणि लगेच तव्यावर जाते. या एका बाबतीत त्याचा पिझ्झा माझ्या पोळीच्या पुढे आहे. लिहिताना जड गेलं, पण आहे.

दुसऱ्या खेपेला काटा काढला. उंडा भरला १९० ग्रॅम. पाणी, मोहन, मीठ वजा करता त्यात ११५ ग्रॅमच्या आसपास पीठ. माझ्या एका घडीच्या पोळीला ३५ ते ४० ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे हा नऊ इंची पिझ्झा बरोबर तीन पोळ्यांचा! हा आकडा मिळाल्यावर माझा निम्मा प्रश्न सुटला. तीन पोळ्या खाताना कुणी डॉक्टरांना विचारायला जात नाही. दोघांनी वाटून खाल्ला तर दीड-दीड पोळी. भीती पिठाची नाहीच. शेजारच्या टेबलावर एक जोडपं बसलं होतं. दोघांचे दोन पिझ्झे, मध्ये गार्लिक ब्रेड, बाजूला दोन थंड पेयं. पिझ्झाबरोबर गार्लिक ब्रेड म्हणजे पोळीला तोंडी लावायला पुरी. तिथे हिशेब सुटतो.

चीज किती घालतो तेही मोजलं. वाटीतून भुरभुरायच्या आधी ८५ ग्रॅम. मोझरेलाच आहे, महाराष्ट्रातल्याच एका डेअरीचं. मी मागितलं तेव्हा पोरानं फ्रीजमधून अख्खं पाकीट आणून दाखवलं. हे करून बघत जा. काही ठिकाणी चीज म्हणून जे वितळतं ते वनस्पती तेलापासून केलेलं नकली चीज असतं, दिसायला तसंच पांढरं, तसंच तार सुटणारं. जो मालक पाकीट दाखवायला का-कू करतो, त्याच्याकडे मी साधी पोळी खाईन.

८५ ग्रॅम मोझरेलात सतरा-अठरा ग्रॅम प्रथिनं येतात आणि साधारण वीस ग्रॅम स्निग्धांश. चीजला सरसकट शिव्या घालणाऱ्यांतली मी नाही, त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. दिवसभर उभं राहून येत असतील म्हणून मी तेल चोळत बसले. तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. चार महिने इंजेक्शनं झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली होती, २००६ साली ती छापून आली. त्यातल्या दोन-तृतीयांश पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. भाजी, डाळ, धान्य यांत हे जीवनसत्त्व नसतंच. शाकाहारी माणसाच्या ताटात ते येतं दूध, दही, ताक, पनीर, चीज यांतून. म्हणून दोन तुकड्यांवरच्या चीजकडे मी गुन्हेगारासारखं बघत नाही. फक्त तेच काम वाटीभर दही करतं, आणि दह्यात मीठ नसतं. मिठाकडे येतेच.

त्याआधी जैन वहिनींचा प्रश्न. माझ्या शेजारी राहतात, मी निघाले तेव्हा म्हणाल्या, “ते रेनेटचं विचारून या.” दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरण्याची जुनी पद्धत आहे, आणि इटलीत पार्मिजानो रेजानो म्हणून जे कडक चीज होतं ते तर नियमानुसार त्याच रेनेटनं करायचं असतं. या दुकानातल्या मोझरेलाच्या पाकिटावर मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट, असं छापलेलं होतं आणि हिरवा ठिपकाही होता. वरून किसलेलं परदेशी चीज तो घालतच नाही. वहिनींना तसं सांगितलं. शुद्ध शाकाहारी अशी पाटी असलेल्या एखाद्या महागड्या जागी कुणी तुमच्या ताटावर मोठ्या प्रेमानं परदेशी पार्मेझान किसायला लागलं, तर जरा हात धरून विचारा.

आता भाजी. माझी खरी तक्रार इथे आहे.

त्या मुलाचं वाक्य आठवतंय ना, पोळी-भाजी चिकटवलेली? दुसऱ्या दिवशीच्या पिझ्झावर घालायच्या भाज्या मी वाटीत काढून मोजल्या. कांदा, ढोबळी, टोमॅटो, मका मिळून ६२ ग्रॅम. त्यातला मका तर धान्यच. माझ्याकडचं सर्वांत लहान भाजीचं पुडकं १५० ग्रॅमचं असतं, आणि ते एका माणसाचं. याचा पिझ्झा दोघांचा. पोषण संस्थेनं २०२४ साली जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम धरली आहेत. डाळ तर इथे नावालाही नाही. म्हणजे पोळी आहे, भाजीचा वास आहे.

मालकाला आकडा सांगितला. त्याचं म्हणणं, भाज्या वाढवल्या की पाणी सुटतं आणि मधला भाग गिच्च होतो. यात तो चुकीचा नाही. त्याची भट्टी साधी गॅसची, पिझ्झा आत पाच-सहा मिनिटं असतो. पिझ्झाचं माहेर असलेल्या इटलीतल्या नेपल्समध्ये भट्टी ४८५ अंशांवर असते आणि पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतो, तिथे पाण्याला सुटायला वेळच मिळत नाही. पण मी म्हटलं, अरे, आपल्याकडे पाणी सुटणाऱ्या भाज्यांचं काय करतात? मेथी मीठ लावून पिळतात. वांगं आधी भाजतात. दुधीचा कीस दाबून पाणी काढून थालीपिठात घालतात, आणि ते पाणीही कणकेत मुरवतात. कच्ची भाजी तशीच वर भिरकावायची हे कुणी शिकवलं तुला? तो वहीत लिहून घेत होता. मला वाटलं, काकूंना कटवायला लिहितोय.

नाही. तिसऱ्या खेपेला गेले तर फळ्यावर खडूनं लिहिलेलं, परतलेली मेथी आणि भाजलेलं वांगं. घेतला. वांग्याचे गोल काप आधी भट्टीत भाजून घेतलेले, कडा करपलेल्या, आत मऊ. मेथी लसणावर परतलेली, जराशी जास्तच कडू. भाज्या मोजल्या, १४० ग्रॅम. चीज मी निम्मं सांगितलं होतं. मधला भाग कोरडा राहिला, तुकडा उचलला तर वाकला नाही. हे बरोबर आले होते. पहिला तुकडा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत, आणि आमच्या घरात यालाच दाद म्हणतात.

त्याच दिवशी मी आणखी एक करवून घेतला, जो त्याच्या यादीत नाही. मरिनारा. पिझ्झा म्हणजे चीज असं आपण धरून चालतो, पण नेपल्सच्या जुन्या पिझ्झांतला हा एक, त्यावर चीज नसतंच. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल. युरोपीय संघानं २०१० मध्ये नेपल्सच्या पिझ्झाचे नियम नोंदवले त्यातही मार्गेरीटाच्या जोडीला हा आहे. त्या नियमांत उंड्याचं वजन १८० ते २५० ग्रॅम सांगितलंय, म्हणजे आपला १९० चा उंडा तिथेही चालला असता! शिजलेल्या टोमॅटोला तेल मिळालं की त्यातलं लायकोपीन, म्हणजे टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य, शरीर चांगलं शोषतं, हा वर फायदा. मालक घाबरत होता, “काकू, बिनचीजचा कोण घेणार?” केला त्यानं. टोमॅटो डब्यातला नव्हता, ताजा शिजवून आटवलेला, साखर न घालता. लसणाचे पातळ काप कडेला तांबूस झालेले. मला त्या दुकानात खाल्लेल्या सगळ्यांत हाच आवडला. ह्यांचं मत, ठेचा पाहिजे होता.

तो अर्धा मरिनारा मी बांधून घरी आणला आणि रात्री मोडाच्या मुगाच्या उसळीबरोबर खाल्ला, वर ताक. हसू नका. नेपल्सच्या नियमांत उसळ नाही हे मलाही ठाऊक आहे. पण दीड पोळीचं पीठ, टोमॅटो, वाटीभर कडधान्य आणि ताक, हे जेवण कुठल्या आहारतज्ज्ञानं नापास करावं? नुसत्या पिझ्झाला पूर्ण जेवण म्हणायचं आणि मग तो पौष्टिक आहे की नाही यावर भांडायचं, यात गंमत आहे. नुसत्या पोळीला तरी आपण कधी जेवण म्हटलंय?

मीठ राहिलं. पिठात मीठ किती, तर पिठाच्या दोन टक्के, हे त्यानंच सांगितलं. ११५ ग्रॅम पिठाला सव्वादोन ग्रॅम. चीजमधून साधारण एक ग्रॅम. सॉसमधलं धरलं की चारच्या घरात. दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आपली पोषण संस्था दोघी सांगतात. म्हणजे एकट्यानं एक पिझ्झा संपवला तर दिवसाचं मीठ जवळजवळ संपलं, आणि सकाळचे पोहे, दुपारची आमटी, लोणचं हे सगळं अजून हिशेबात यायचंय. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी पीठ मैद्याचं की कणकेचं यापेक्षा हे आधी बघावं. शिवाय त्या पुड्या. ओरेगॅनो म्हणून जी पुडी फाडून आपण वर ओततो, तशा बऱ्याच पुड्यांत मीठही असतं. या दुकानात मूठभर पुड्या न विचारता टेबलावर टाकतात. मी परत केल्या. मालकाला म्हटलं, मिठाचं प्रमाण दीड टक्क्यावर आण, कुणाला कळणार नाही. माझ्या पोळ्यांत मी पाच वर्षांपूर्वी कमी केलं, चारशेतल्या एकाही पोळीची तक्रार आली नाही. यावर त्यानं अजून काही केलेलं नाही.

घरपोच मागवलेल्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. पाऊण तासानं आला, खोक्यात वाफ धरून तळ ओल्या पुठ्ठ्यासारखा झालेला. माझी पोळीही पुडक्यात गरम बांधली तर अशीच रडते. तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता चार मिनिटं ठेवला तेव्हा खाण्याजोगा झाला. खोक्यात भोकं पाडायला सांगितलं आहे.

घरीही एक प्रयोग केला, कारण भाची म्हणाली की घरचा तो घरचा. शंभर टक्के कणीक, नेहमीपेक्षा सैल भिजवलेली, रात्रभर फ्रीजमध्ये. लाटला नाही, भाकरीसारखा थापला. बिडाच्या तव्यावर एका बाजूनं शेकला, उलटला, शेकलेल्या बाजूवर सॉस, भाज्या आणि थोडं चीज घालून ओव्हनमध्ये २५० अंशांवर सात मिनिटं. चव उत्तम, कड कडक, जाळी जवळजवळ नाही. मालकाचं बरोबर होतं, भाकरीच झाली. आम्हाला भाकरी आवडते म्हणून चाललं. कॉलेजातल्या मुलांना ती पिझ्झा म्हणून विकून दाखवणं मला जमणार नाही, आणि त्याचे साठ-चाळीस मी त्या दिवशी माफ केले. पाटी मात्र बदलायला हवी. ‘साठ टक्के कणीक’ असं लिहिलं तर काय कमी होणार आहे? उलट माझ्यासारख्या बायका जास्त येतील.

पाचपैकी साडेतीन. मेथी-वांगं फळ्यावरून यादीत गेलं आणि मीठ उतरलं तर चार देईन. माझं सहा पोळ्यांचं गिऱ्हाईक बुधवारी परत आलं, आता आठवड्यातून चार दिवस माझ्याकडे आणि एक दिवस तिकडे असं ठरवलंय म्हणे.

जायचं असेल तर संध्याकाळी सातच्या आत जा, नंतर गर्दीत पोरं पिझ्झा मिनिटभर आधीच बाहेर काढतात. चीज निम्मं सांगितलं तर वीस रुपये कमी घेतात, पण आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. मरिनारा यादीत नाही, मागा. मंगळवारी बंद.